अर्शी सिस्टर मोजायला बसतात

उदगीरच्या मकबूल टेलरची अर्शी नऊ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. इवल्याशा हातावर सलाईन लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण लेकराला झालंय काय, हे सांगायचं काम डॉक्टरांचं. तेही आपल्याला यावं, असं तिला फार वाटे. बत्तिसाव्या वर्षी तिनं लातूरला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. ते पार पडलं की खेड्यातल्या उपकेंद्रात लेकरू स्वतः तपासायचं, आणि औषध द्यायचं की पुढं पाठवायचं, तेही स्वतःच ठरवायचं.

पहिल्याच आठवड्यात ती चुकली. तान्ह्याचा श्वास अर्धं मिनिट मोजून तिनं आकडा दुप्पट केला. शिकवणाऱ्या उज्वलाताईंनी सगळ्यांदेखत थांबवलं. लेकरू घड्याळासारखं श्वास घेत नाही, पूर्ण मिनिट मोज, म्हणाल्या. अर्शीला ते लागलं. पण रुसून न बसता ती रोज दुपारी ओपीडीबाहेर थांबलेल्या आयांना विचारून लेकरांचे श्वास मोजत बसायची. सहा महिन्यांत तिची नजर तयार झाली.

नेमणूक मुखेड तालुक्यात मिळाली. एका बाजारच्या दिवशी तारामती आजी आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन आली. नुसती सर्दी हाय, बाटली द्या, बाजार गाठायचाय, असा तिचा धोशा. लेकरू रडत होतं. अर्शीनं घाई केली नाही. ते खांद्यावर निवल्यावर ती मोजायला बसली. मिनिटाला बासष्ट श्वास; या वयात पन्नासच्या आत हवेत. पुन्हा मोजलं, तेवढेच. ते सकाळपासून दूधही ओढत नव्हतं.

न्यूमोनिया दिसतोय, मुखेडच्या दवाखान्यात न्यावं लागेल, असं तिनं सांगताच आजी बिथरली. "डॉक्टर न्हाईत इथं. तुमाला काय कळतंय?"

अर्शीनं झबलं वर केलं. आजीचा हात धरून लेकराच्या बरगड्यांखाली ठेवला.

"आजी, दम घेताना हितं आत ओढून राहिलंय. हाताला लागतंय न्हवं?"

आजीनं हात काढला नाही. म्हणाली, "बोलवा गाडी."

औषधाचा पहिला डोस देऊन अर्शी त्यांच्यासोबतच गाडीत बसली. मुखेडहून लेकराला नांदेडला हलवलं. सहा दिवसांनी ते हसतखेळत घरी आलं.

ही तारामती लसीच्या नावानं दार लावून घेणारी. पुढच्या महिन्यात नातवाची राहिलेली लस टोचून घ्यायला ती आपणहून आली, आणि येताना गल्लीतली आणखी चार लेकरं घेऊन आली.