केकचा तो तुकडा

आज हिंगणघाटला एका बेकरीसमोरून जाताना ताज्या केकचा वास आला आणि मला अल्लीपूरचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. लग्न करून अमेरिकेहून तिथे येऊन मला जेमतेम महिना झाला होता. नवरा कामावर गेलेला. सासूबाईंना माझ्या हातचं काही खाऊ घालावं म्हणून मी दुकानात बोटानं दाखवून सामान आणलं आणि कुकरमध्ये केक केला.

तुकडा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "याच्यात अंडं तं नाई न, पोरी?"

मला मराठीचे चारदोन शब्द येत. त्यातला एक ओळखू आला, म्हणून मीही हसून म्हणाले, "नाई, नाई!"

त्यांनी घास घेतला. चावता चावता क्षणभर थांबल्या. मग सगळा तुकडा संपवून त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. संध्याकाळी भर थंडीत त्यांनी डोक्यावरून गार पाण्याची अंघोळ केली आणि त्या जेवल्या नाहीत. मला वाटलं, इथली काही रीत असेल.

पुढे 'अंडं' या शब्दाचा अर्थ कळला, आणि सासूबाई जन्मात अंड्याला शिवल्या नव्हत्या हेही कळलं. मी रडतच त्यांच्यापुढे उभी राहिले.

"मले पयल्याच घासात समजलं होतं," त्या म्हणाल्या. "पण तू एवढ्या आशेनं पाहून राह्यली होती. थुंकू कशी?"

आणि त्या भाजी निवडायला लागल्या. रागावल्या असत्या, तर मी माफी मागून मोकळी झाले असते.