पाइपावरचे ठोके

त्या दुपारी मी विहिरीवर नव्हतो. आजवर होतो असंच सांगत आलो, बायकोलाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी गोरेगावजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवायचो. समुद्राच्या तळाशी घर करून आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या शास्त्रज्ञांबद्दल वाचलं होतं. त्या घराचं दार खालच्या अंगाला, कायम उघडं. आतल्या हवेच्या दाबानं पाणी वर चढत नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी मी तेच करायचं ठरवलं. डिझेलचं रिकामं पिंप उपडं करून, दगड बांधून विहिरीत सोडलं. पिंपात डोकं घालून बसायला, सगळं गाव ज्यांना मामा म्हणायचं, ते तयार झाले. बुडी मारून लोकांच्या विहिरीत पडलेल्या बादल्या, पाण्याच्या मोटारी काढणं हे त्यांचं पोट.

"आत चहा मिळंल का, गुरुजी?" म्हणाले आणि गेले खाली.

ठरलं होतं असं : पाणी उपसायच्या इंजिनाचा जो पाइप विहिरीत उतरला होता, त्यावर मी अधूनमधून एक ठोका द्यायचा, त्यांनी खालून दोन. दहा मिनिटांनी मी तीन दिले की वर यायचं. त्यांच्याजवळ घड्याळ नव्हतं.

दोनदा जवाब आला. मग तालुक्याचे साहेब शाळेत आल्याचा निरोप आला. मी गेलो. चहा, पोहे, साहेबांचं बोलणं. अर्धा तास.

धावत परतलो. काठावर चिटपाखरू नव्हतं. पाइपाला हात लावला, तर खालून दोन ठोके. जरा थांबून पुन्हा दोन. मी ठोका दिलाच नव्हता. ते कुणाला तरी जवाब देत होते.

मी तीन दिले. वर आले ते लालबुंद, धापा टाकत.

"येवढ्या घाईनं काहून ठोकून राहिले होते, गुरुजी? जवाब देऊन देऊन हात दुखला."

"मी इथून हललोच नाही. ठरलं तसंच ठोकलं."

ते पाण्याकडे वळले. "मंग दुसरं कोन व्हतं?"

गाव म्हणालं, पाण्यातल्या आसरा, त्या सात जलदेवता. काठावरच्या सात दगडांना शेंदूर लागला. मामींनी हिरव्या बांगड्या वाहिल्या, निवद ठेवला. मामा पुन्हा कुठल्याच विहिरीत उतरले नाहीत. बाजारात गोण्या उचलू लागले. नळाचा पाइप टकटकला की अजून त्यांची बोटं मांडीवर दोनदा वाजतात. मी पाहिलंय.

कोंडलेल्या हवेत माणसाला भास होतात, हे मी वर्गात कितीदा शिकवलं. त्यांना सांगितलं नाही. सांगायचं तर मी कुठे होतो तेही सांगावं लागलं असतं.

ते चार गल्ल्या सोडून राहतात. "मामा, खाली कुणी नव्हतं आणि वर मीही नव्हतो." एवढ्या एका वाक्याचं देणं मी त्यांना अजून लागतो.