आज जरा हळू फेका

आमच्या कॉलेजात चिअरलीडिंगचा संघ होता असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे क्रिकेटच्या मॅचला नाचतात त्या?" नाही हो. आम्ही कोणाच्या मॅचला नाचत नव्हतो, आमचीच मॅच असायची. तिला पंच असायचे, गुण असायचे, आणि सराव झाला की खाली उभ्या राहणाऱ्या मुलींना वेणी घालायला हात वर करवत नसे. मी खालचीच. अंगापिंडाने भरलेली, म्हणून बेस. वर जाते ती फ्लायर. आमची फ्लायर ब्राह्मणपुरीहून रोज एसटीने शहाद्याला यायची. शेतकऱ्याघरची पोर, अंगाने काडी, आणि भीती कशाशी खातात हे तिला ठाऊकच नव्हतं.

आमच्या कार्यक्रमाचा शेवट टॉसने व्हायचा. दोघींनी समोरासमोर उभं राहून एकमेकींची मनगटं धरायची आणि हातांचा पाट करायचा. तिने त्यावर पाय द्यायचा, आम्ही तिला वर फेकायचं, आणि ती आडवी खाली आली की झेलायचं. झेल कधीकधी चुकायचा, म्हणून खाली गादी लागायची.

खेळाच्या मॅडमनी मॅट मागितल्या तेव्हा कॉलेजने सतरंजी दाखवली. मग शेतकऱ्यांच्या मुलींनी घरात मागे राहिलेला कापूस थोडा थोडा आणला आणि माझ्या अब्बांनी गाद्या भरून दिल्या. आम्ही पिंजारी, गाद्या भरणं हाच घरचा धंदा. "ये सोने की नहीं, गिरने की गादी है," असं म्हणत अब्बांनी कापूस इतका दाबून भरला की त्यावर झोपणाऱ्याची पाठच धरली असती. त्या गाद्यांवर ती कितीदा पडली असेल, आणि केसांतली धूळ झटकून पुन्हा आमच्या हातांवर चढली असेल.

राज्य स्पर्धेला आम्हाला पाठवायचं की नाही, हे संस्थेची मंडळी ठरवणार होती. मुली बाहेरगावी जाणार, तेही असल्या खेळासाठी, तेव्हा आम्ही करतो तरी काय ते त्यांना आधी बघायचं होतं. बघा ना, त्याला कोण नाही म्हणतंय? पण त्या दिवशी आम्ही हॉलमध्ये गेलो तर आमच्या गाद्या स्टेजवर. त्यांच्यावर पांढऱ्या चादरी, मागे लोड, बाजूला पाण्याच्या बाटल्या. साधा पाहुणा आला तर खुर्ची चालते, पण मोठ्या पाहुण्यांना बैठक लागते. आणि प्राचार्यांना अख्ख्या कॉलेजात तेवढ्याच गाद्या सापडल्या होत्या. आमच्यासाठी खाली शहाबादी फरशी, धुऊन पुसून चकचकीत केलेली.

मॅडम धावत प्राचार्यांकडे गेल्या. "सर, मुलगी वरून खाली येते. गादीशिवाय नाही जमणार."

"मग आज जरा हळू फेका," सर म्हणाले.

हळू फेका. आणि हा माणूस आम्हाला फिजिक्स शिकवायचा. मला तर तिथेच ओरडावंसं वाटलं.

मंडळी आली, लोडाला टेकली. मॅडम आमच्यापाशी परत आल्या तेव्हा मीच स्टेजपाशी गेले. घरी मी हिंदी बोलते, बाहेर अहिराणी. पण त्या दिवशी होती नव्हती तेवढी शुद्ध मराठी गोळा केली आणि म्हणाले, "सर, शेवटच्या उडीसाठी आम्हाला दोन गाद्या मिळाल्या तर बरं होईल. मुलीला लागू शकतं."

टेकलेल्यांपैकी एक काका हसले. "काय वं पोरी, तुमले नाचनं शे ना? मंग गादी कसाले?"

बाकीचेही हसले. जागचं कोणी हललं नाही. एकाने तर पाय आणखी ऐसपैस पसरले. प्राचार्यांनी मला डोळ्यांनीच मागे पिटाळलं.

गाणं लागलं. मांडीवरचे, खांद्यावरचे स्टंट आम्ही नीट केले. मग टॉस आला. मी आणि समोरचीने मनगटं धरली. पंखे फक्त स्टेजवर होते, आमचे हात घामाने निसटत होते. फ्लायरने आमच्या खांद्यांवर हात ठेवले, पाय उचलला. माझी नजर फरशीवर गेली आणि मी हात काढून घेतले. ती तशीच उभी राहिली. गाणं आमच्याविना पुढे जाऊन संपलं.

"नाच छान झाला," मंडळींनी सांगितलं. "शेवट काही जमला नाही. तयारी कमी पडते. पुढच्या वर्षी बघू."

फ्लायर बारावीतली. तिला पुढचं वर्ष नव्हतंच. पाहुण्यांचं चहापाणी त्याच बैठकीवर झालं. कोणाच्या तरी हातून चादरीवर चहा सांडला, तेव्हा मात्र सगळे झटकन उठले.

हॉलमागच्या नळावर ती तोंड धूत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू हात कसाले काढी लिधात वं?"

"खाली गादी नव्हती," मी म्हणाले.

"माले मालूम व्हतं. तरी माले वर जानं व्हतं."

ओढणीने तोंड पुसून ती एसटी गाठायला निघून गेली. मी हात काढले याचं मला आजही वाईट वाटत नाही. संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. स्पर्धेला जायला मिळावं म्हणून ती पोर त्या फरशीवर डोकं फोडून घ्यायलाही तयार होती. आणि मंडळींनी फक्त उठायचं होतं.