सुपावरचे हात

कंटिन्युइटी हा शब्द मी भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकले. पहिल्या शॉटमध्ये कप उजव्या हातात असेल तर दुसऱ्यातही उजव्याच हातात हवा, आणि दोन शॉट असे जोडायचे की जोड पाहणाऱ्याला कळू नये. सर म्हणायचे, "कट दिसला, की एडिटर मेला." मला हे वाक्य तेव्हा फार आवडायचं. आता आठवलं की डोकं तापतं.

पाच जणांच्या गटाने दहा मिनिटांची फिल्म करायची होती. हँडीकॅम आमच्यातल्या एका कापडवाल्याच्या मुलाचा, म्हणून डायरेक्टरही तोच. कॉम्प्युटर एकच, आणि त्याच्यापुढे कोण बसेल हेही तोच ठरवणार. मला एडिटिंगच पाहिजे होतं, दुसरं काही नको. गोष्ट साधी होती. मुलीला नोकरीचं पत्र येतं, तांदूळ निवडणारी आई ते हातात घेते, पण तिला वाचता येत नाही. आईचं काम माझ्या आईने करायचं ठरलं, आणि घर आमचंच, एकोडी गावातलं.

आईला मुलीला म्हणायचं एकच वाक्य होतं, "माय, तूच वाच." ते तिने आठवडाभर शेजारणींना ऐकवून ऐकवून पाठ केलं. पहिल्या रविवारी सूप मांडीवर घेतलं आणि खडे वेचता वेचता समोर कॅमेरा आहे हेच बाई विसरली. इतकं चांगलं काम आमच्यापैकी कोणालाही जमलं नसतं. अर्धा सीन झाला, उरलेला दसऱ्यानंतर घ्यायचा ठरला.

आमच्याकडे दसरा म्हणजे धम्मदीक्षेचा दिवस. त्याआधी घराला रंग लागतोच. त्या वर्षी आईने दोन-दोन हात मारले, कारण "शिनेमावाले येऊन राहिले." पिवळट भिंत निळीशार झाली. मी होस्टेलवर. पण शॉटची नोंद ठेवणं माझंच काम होतं, वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, भिंत पिवळी. एवढी दीडशहाणी मी, आणि आईला "दसऱ्याले रंग मारू नको" हे सांगायचंच राहिलं!

डायरेक्टर दारातच थबकला. "काहून रंगवली? तुमच्या लोकायले आताच रंग सुचला का?"

आईला वाटलं रंग कमी पडला. ती म्हणाली, "आनखी एक हात मारू का, बाबू?"

मी म्हटलं, सगळा सीन निळ्या भिंतीसमोर पुन्हा घेऊ, दुपारपर्यंत होऊन जाईल. तो म्हणाला, "नाही, घर थोडं कॉमन पाहिजे." कॉमन म्हणजे काय, ते आम्हा पाचही जणांना कळलं. कोणी बोललं नाही. मीही नाही. कॉम्प्युटरसमोरची खुर्ची डोळ्यांपुढे होती ना!

सगळा सीन त्याच्या घरी झाला, त्याच्या मोठ्या आईला, म्हणजे मोठ्या काकूला घेऊन. साडी मात्र आईने त्या रविवारी नेसलेलीच हवी होती, तिचा एखादा शॉट लागलाच तर जुळावी म्हणून, ती मी मागून नेली. आईने ती घड्या घालून गादीखाली दाबून ठेवली होती. "मीबी येऊ का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नको, गर्दी होते." तिकडे मोठ्या आईने साडी दोन बोटांनी उचलली, "धुतली आहे ना?" म्हणाली, आणि तरी पुन्हा धुवायला टाकली. वाळेपर्यंत आम्ही चहा पीत बसलो.

त्या बाईला सूप काही धरता येईना. अर्धे तांदूळ लादीवर. डायरेक्टर म्हणाला, "तुझ्या आईच्या हातांचे शॉट आहेत ना, ते लाव." त्या शॉटांत भिंत दिसत नव्हती. मोठी आई खाली पाहते, तिथेच कापलं, आणि लगेच माझ्या आईचे हात, बोटावर विळ्याचा जुना वण असलेले. जोड असा बसला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला होता. लाज वाटायला पाहिजे होती, पण झाला होता आनंदच.

आईला यातलं काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत फिल्म दाखवायचा दिवस आला. ती एसटीने आली, दोन शेजारणींना घेऊन, आणि लोकांनी ओळखावं म्हणून तीच साडी नेसून.

पडद्यावर तिच्या साडीत दुसरीच बाई होती. शेजारीण म्हणाली, "तू कुठं हायेस वं?" मग सूप आलं, तशी आई हळूच म्हणाली, "हे हात माये होत." शेजारणींनी तिच्याकडे पाहिलं आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

सर उठून म्हणाले, "कट दिसलाच नाही! आणि आईने काय सूप धरलंय!" मोठ्या आईने उभं राहून सगळ्यांना नमस्कार केला. एडिटिंगमध्ये माझा नंबर पहिला आला.

बसस्टँडवर आईने विचारलं, "मले कायले काढलं?"

मी म्हटलं, "भिंतीचा रंग जुळत नव्हता, आई."

ती बसमध्ये चढली, खिडकीशी बसली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "त्या बाईच्या घरची भिंत त हिरवी होती. ते कशी जुळली?"