हवेच्या यंत्राची पूजा

धुपाचा वास आला की परळच्या ऑफिसातली ती सकाळ आठवते. ‘गाडी घरी, चला पायी’ या आमच्या उपक्रमाचा पहिला दिवस होता आणि तयारी माझ्याकडे होती. चालत किंवा बसने आलेल्यांसाठी तुळशीची रोपं आणली होती, दारात हवा मोजायचं नवं यंत्र लावलं होतं. साहेब म्हणाले, “नवीन वस्तू आहे, आधी पूजा करून घे.” नारळ फुटला, धूप पेटला आणि यंत्रावरचा हिरवा आकडा लाल झाला. सगळे हसले. शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, “काय रे, तू का गप्प?” मी हॉस्पिटलमधून थेट आलो होतो, गिरणीत जन्म घालवलेल्या बाबांना तिथे ऑक्सिजन लावला होता. मी रोपं वाटत राहिलो. आता आई रोज बाबांच्या फोटोपुढे धूप लावते. मी उठून खिडकी उघडतो.