चार बोटं डिझेल

मंगरूळपीरच्या पंपावरचे लोक उदयसिंगला लांबूनच ओळखतात. टाकी पाऊण भरलेली असतानाही रांगेत उभा राहून डिझेल टाकणारा माणूस दुसरा कोण असणार? "भाऊ, उतू जाईन ना!" असं कोणी म्हटलं की हा हसतो, पण टाकी तुडुंब होईपर्यंत नळीवरची नजर काढत नाही. घरी पाण्याचे ड्रम काठोकाठ, सिलिंडर दोन, मोबाइल जरा उतरला की चार्जरला. तांड्यातले लोक म्हणतात, चार पैसे आले की माणसाला असे चाळे सुचतात. म्हणू द्या. लोकांच्या तोंडाला काय, कुलूप लावता येतं? खरं कारण सतरा वर्षांमागचं आहे, आणि ते त्यानं कोणाला विनोद म्हणून सांगावं असं नाही.

तेव्हा त्याच्याकडे जुनी जीप होती. डिझेलचा काटा कधीचाच मेलेला. मग मोजायचं कसं? तर पऱ्हाटीनं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काडीनं. सीट उचलायची, टाकीत काडी घालायची, बाहेर काढून ओली किती झाली ते बोटांनी मापायचं. सारेच जीपवाले असंच करायचे, आणि उदयसिंगचं माप म्हणजे सोनाराचा काटा. त्याची धाकटी बहीण चंपा जवळच्याच तांड्यावर खेमाला दिलेली. तिचे दिवस भरत आले, तेव्हा ह्यानं जीप तिच्याच अंगणात नेऊन उभी केली. वेळ काही सांगून येत नाही, नाही का! संध्याकाळ व्हायच्या आत तिच्यासमोरच काडी टाकली. चार बोटं ओली. "मंगरूळपीरले जाऊन वापस येऊ एवढं हाये, चंपे," असं सांगून तो पायी घरी गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कळा सुरू झाल्या, निरोप मिळताच उदयसिंग धावत पोचला. पुन्हा काडी टाकायची गरजच काय होती? गाडी जागची हललीसुद्धा नव्हती. मागच्या सीटवर खेमाच्या मांडीवर चंपाचं डोकं. कळ आली की ती बांगड्यांचा हात काचेवर आपटायची. टक्, टक्. चार-पाच किलोमीटर झाले, चढ लागला, आणि जीपनं दोन आचके देऊन मान टाकली. उदयसिंगनं सीट उचलून काडी घातली. कोरडी निघाली.

रिकामा डबा घेऊन तो डांबरी रस्त्यापर्यंत पळाला, एका ट्रकवाल्याच्या पाया पडून डिझेल आणलं. परत आला तेव्हा काच वाजत नव्हती. पोटातलंही गेलं होतं.

तांडा म्हणजे तांडा. "स्वतःच्या बहिणीले नेताना टाकी पाहाले काय झालतं?" म्हणून बाया तोंडावर बोलल्या. पण खेमा, ज्याचं घर उजाड झालं तो खेमा, सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, "दादाचा कसूर नाई. कोणी काई बोलू नका." केवढं मन म्हणावं! उदयसिंगनं तो उपकार जन्मभरासाठी डोक्यावर घेतला. खेमानं दुसरं लगीन केलं नाही. चंपाची चार वर्षांची लेक रंजीता बापाच्या आणि मामाच्या घरात मिळून वाढली.

एक गोष्ट मात्र उदयसिंगला खात राहिली. ते चार बोटं ओलं त्यानं पाहिलं होतं. पाहिलं होतं ना? की पाहिलंच नव्हतं? ती काडी त्यानं फेकली नाही. टिनाखालच्या लाकडी बल्लीला खोचून ठेवली, आणि अजूनही कधी कधी काढून तो बोटं लावून पाहतो. आणि दुसरं म्हणजे, जीपनंतर घेतलेल्या गाडीतही काटा अर्ध्याच्या खाली उतरला की मागच्या सीटवरून काच वाजते. टक्, टक्. तो गाडी थांबवतो. कोणी विचारलं तर म्हणतो, "काच ढिली हाये." दोनदा नवीन काच बसवून झाली आहे.

आता पंचायत अशी, की डिझेलची गाडी थकली. मंगरूळपीरचे मास्तर लोक खेड्यांतल्या शाळांवर रोज न्यायचे-आणायचे, तर इलेक्ट्रिक कार परवडते, हे रंजीतानंच मामाच्या गळी उतरवलं. पोरगी बी. कॉम. झालेली, हिशेबात पक्की. "मामा, दिवसाचे एकशे दहा किलोमीटर. लहान बॅटरी दोनशेच्या वर चालते. मोठीसाठी दीड लाख जास्त कायले द्याचे? तेवढ्यात घरावर स्लॅब पडते. दर पावसाळ्यात टीन गळून राह्यले ते दिसत नाई का तुमाले?"

खरंच होतं तिचं. उदयसिंग मान डोलवायचा, रात्री झोपताना ठरवायचा, लहानच. सकाळी उठला की पुन्हा मोठीची किंमत विचारायचा. भुताला दीड लाख द्यायचे का, एवढाच प्रश्न होता. पण भुताला नाही म्हणणं सोपं असतं का, बाप्पा?

शेवटी सोमवारी उदयसिंग, रंजीता आणि खेमा असे तिघं वाशीमच्या शोरूममध्ये गेले. उदयसिंगनं गाडी चालवून पाहिली. लोण्यासारखी गाडी, आवाज नाही की धूर नाही. पडद्यावर बॅटरीचा आकडा चाळीस टक्क्यांवर आला, आणि मागून काच वाजली. ढिली व्हायचं जिचं वयच नाही, त्या कोऱ्या गाडीची काच! त्यानं मागं वळून पाहिलं. मागं खेमा एकटाच, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता.

परत आल्यावर चहा आला. शोरूममधल्या ताई हौसेनं सांगायला लागल्या, "काका, हिचं अजून एक आहे. गाडी अंगणात उभी असली की वायर लावून हिच्यातून वीज बाहेर काढता येते. लाइन गेली तरी शेतातली लहान मोटर चालेल."

खेमानं कप खाली ठेवला. "अन् सकाळीच कोठं जाची वेळ आली तर?" त्यानं विचारलं.

"मग तेवढी बॅटरी कमी राहणार ना काका," ताई हसल्या.

खेमा उठला आणि बाहेरच्या नळावर जाऊन चुळा भरू लागला. एक, दोन, पाच. उदयसिंग मागोमाग गेला.

"काय झालं बे?"

"दादा," खेमा नळाकडेच पाहत म्हणाला, "तुमची काडी खोटी नवती."

उदयसिंगला आधी समजलंच नाही.

"हरभरा वाळून राह्यला होता. लाइन नाई. तुमी घरी गेल्यावर मी टाकीत नळी घातली, तोंडानं ओढलं, विहिरीवरच्या इंजनात टाकलं. सारेच काढत होते तवा. काढाचं अन् सकाळी सांगाचं. मीबी सकाळी आणून टाकणार होतो. अजून तोंडाले वास येते."

आणि ते खरंच होतं. उभ्या जीपमधून इंजनापुरतं डिझेल काढणं ही तांड्यावर कधी चोरी नव्हती. सकाळी सांगितलं की संपलं. खेमाच्या वाट्याला ती सकाळच आली नाही.

"गाडीत काहून बोलला नाई?"

"वाटलं, पुरीन. सेवालालबापूचं नाव घेत बसलो. मंग थांबली. मंग कसं बोलू, दादा?"

उदयसिंगचा हात वर गेला. "सतरा वर्षं! सतरा वर्षं मी माह्या डोयावर भरवसा नाई ठेवला, खेमा!" हात तसाच वर राहिला. मारावं कोणाला? समोरचा माणूस सतरा वर्षं रोज चुळा भरत होता, आणि उदयसिंगला वाटायचं, तंबाखू सोडल्याची सवय असेल.

तो आत येऊन बसला. माफ केलं का, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. राग छातीत होताच.

"काका, मग लहान लिहू की मोठी?" ताईंनी विचारलं.

"लहान. ठरलं ना, मामा?" रंजीता म्हणाली.

"मोठी."

"अहो मामा, एकशे दहाच किलोमीटर जाचं हाये! मी हिशेब लावला ना!"

काचेबाहेर खेमा अजून नळाशीच वाकलेला होता. उदयसिंगनं कागद ओढून सही केली.

"तुह्या हिशेबात तुहा बाप धराचा राह्यला, बाई," तो म्हणाला. "संध्याकाळी त्यानं काढलं, तरी सकाळी पुरलं पाहिजे."