गोवऱ्यांच्या आरातला पास्ता

फुशारकी मारली आर्यनने शुक्रवारी, आणि घाम फुटला मालनबाईला रविवारी.

झालं असं, की आर्यन टेंभुर्णीजवळच्या सोलर प्लांटवर वायरमन. तिथल्या बावीस माणसांच्या मेसचा आचारी न सांगता निघून गेला. साहेब तेव्हापासूनच्या पातळ वरणाला वैतागून म्हणाले, "इथं कुणाला बेक पास्ता जमतो का? खिम्याचा, पालेभाज्या घालून?"

"माझ्या आईला जमतो की," आर्यन बोलून गेला.

"मग रविवारी एक वाजता आणा. आवडला तर मेस त्यांची."

मालनबाईने पास्ता जन्मात पाहिला नव्हता. बारा वर्षं तिनं शाळेत पोरांची खिचडी शिजवली. यंदा पट घसरला आणि दोन स्वयंपाकिणींतली एक कमी केली, ती ही. तेव्हापासून घासलेलेच डबे ती पुन्हा घाशी. मेस तिला हवी होती, म्हणून पोराचे कान शाबूत राहिले.

रविवारी खिमा शिजला, त्यात पालक आणि मेथी जिरली. पास्ता उकडला, दूध-मैद्याची दाट पेज झाली. सगळं जाड जर्मनच्या पातेल्यात थरावर थर बसलं, वरून चीज. मग आर्यन मोबाईल बघून म्हणाला, "आता एकशे ऐंशीवर ठेवायचं."

"एवढे लोक हायेत तिथं?"

"डिग्री, आई. ओव्हनमधी."

"मंग काढ ओव्हन. तूच कबूल करून आला ना."

गावातल्या बायका दिवाळीला काकासाहेबांच्या बेकरीत नानकटाई भाजून आणतात. आर्यन तिकडे धावला. काकासाहेब माळकरी, 'खिमा' ऐकताच त्यांनी भट्टीचं झाकण लावलं आणि त्याला एक खारी देऊन वाटेला लावलं.

अकरा वाजले होते. मालनबाई उठली आणि अंगणातला खड्डा उकरू लागली. भावकीत लग्न असलं, की रोडगे भाजायला तीच पुढे. कणकेचे ते गोळे गोवऱ्यांच्या आरात कसे फुलवायचे, हे तिच्या हाताला पाठ. पण घरात गॅस आल्यापासून गोवरी उरली नव्हती. शेजारच्या केशरबाईने कुंपणावरून पंधरा गोवऱ्या दिल्या.

"परत देऊ नको मालन. पण साहेबाचं जेवण कसं लागतं, वाटीभर चाखायला ठेव."

"ठेवते अक्का."

गोवऱ्या जळून लाल झाल्या. पातेलं आत गेलं, झाकणावरही निखारे पसरले. पाच मिनिटांत आर्यनचा हात झाकणाकडे गेला. चिमटा बोटांवर बसला.

"आत राख पडंल. गप बस."

"पण आत काय होऊन राह्यलं, कसं कळंल?"

ती पाण्याचा शिपका झाकणाच्या कडेला मारी आणि थेंब कसा चरचरतो ते ऐकत राही. एकदा थांबली. नाक वर केलं. करपल्याचा बारीक वास होता. तिनं खालचा आर भराभर ओढून काढला, वरचा तसाच ठेवला. आर्यन घड्याळाकडे बघत होता. आईकडे बघायची हिंमत नव्हती.

साडेबाराला पातेलं गोधडीत गुंडाळून ती मोटारसायकलवर मागे बसली. आत काय झालंय, दोघांनाही माहीत नव्हतं.

"जल्दी चालव. पण खड्ड्यातून न्हाई," ती म्हणाली. आता त्या रस्त्यावर दोन्ही एकदम कसं जमावं, हे तिनं सांगितलं नाही.

मेसच्या टेबलावर तिनं पदराने काठाची राख पुसली आणि झाकण उचललं. वरचं चीज पोळीवर डाग पडावेत तसं तांबूस झालं होतं. साहेब जेवले. दुसऱ्यांदा घेताना पळी तळाला लागली आणि काळपट खरवड वर आली. आर्यनने मान खाली घातली.

"हे खालचं मला द्या," साहेब म्हणाले. मग बाकीच्यांनीही तेच मागितलं.

"उद्यापासून याल?"

"येते," मालनबाई म्हणाली. "गोवऱ्या तेवढ्या आणून ठेवा."

घराकडे वळताना तिला आठवण झाली. गोधडीतलं पातेलं पार कोरडं होतं; खरवडसुद्धा खरडून खाल्ली होती. आणि केशरबाई रिकामी वाटी मांडीवर ठेवून ओट्यावर बसली होती.